मोनो सिंथची सुरुवात: एका वेळी एकच सूर

पेटीवर तयार झालेला हात मोनो सिंथवर (विजेवर आवाज घडवणाऱ्या एकसुरी सिंथेसायझरवर) आधी अडखळतो, आणि तो अडखळतो बोट उचलण्यात. पेटीवर चुकून दोन पट्ट्या दाबल्या गेल्या तर दोन्ही वाजतात आणि गाणं पुढे सरकतं. मोनो सिंथमधून एका वेळी एकच सूर निघतो. मागची पट्टी सुटायला उशीर झाला की कोणता सूर लावायचा ते यंत्र ठरवतं.

उदाहरणाला रोलंड कंपनीचा १९८२ सालचा एसएच-१०१ घेऊ. ३२ पट्ट्या, एकच ऑसिलेटर (मूळ सूर निर्माण करणारा भाग), आणि आवाज कुठून कुठे जातो ते पॅनलवर डावीकडून उजवीकडे सरळ वाचता येतं. तुमचा सिंथ दुसरा असला तरी नावं बहुतेक हीच सापडतील.

सिंथ चालू करून १५-२० मिनिटं तापू द्या, मगच तंबोऱ्याशी मिळवा. थंड ऑसिलेटर मिळवला तर सूर हळूहळू सरकत राहतो.

आता सगळं कोरं करा. मिक्सरमध्ये (मूळ आवाज मिसळणाऱ्या भागात) फक्त सॉ (करवतीच्या दातांसारखी लहर) वर, बाकी तिन्ही स्लायडर खाली. फिल्टरचा कटऑफ (ज्याच्या वरचा आवाज फिल्टर कापतो ती मर्यादा) पूर्ण वर. रेझोनन्स (कटऑफजवळचा आवाज ठळक करणारा), एन्व्ह (एन्व्हलप, म्हणजे पट्टी दाबल्यापासूनचा चढ-उतार, फिल्टरला किती हलवतो ते) आणि मॉड (फिल्टर सतत डुलवणारा) शून्य. व्हीसीए (आवाजाची पातळी ठरवणारा भाग) 'एन्व्ह'वर. अटॅक (आवाज चढायचा वेळ), डिके (तो सस्टेनपर्यंत उतरायचा वेळ), रिलीज (पट्टी सोडल्यावर विरायचा वेळ) खाली, सस्टेन (पट्टी धरून ठेवल्यावर टिकणारी पातळी) पूर्ण वर. पोर्टामेंटो (सुरावरून सुरावर घसरणं) बंद. पट्टी दाबली की करकरीत, सरळ आवाज यायला हवा. येत नसेल तर आधी मिक्सर, मग कटऑफ, मग सस्टेन बघा. दोष बहुधा याच तिघांत असतो. सुरुवातीला 'टक्' ऐकू आला तर अटॅक केसभर वर घ्या.

नवशिके सर्वाधिक अडतात ते फिल्टरच्या एन्व्ह स्लायडरपाशी. तो वर नेला तरी काहीच बदलत नाही, कारण कटऑफ आधीच पूर्ण उघडा आहे. दार सताड उघडं असताना ते आणखी कुठे उघडणार? कटऑफ एक तृतीयांशावर आणा, एन्व्ह अर्ध्यावर, डिके अर्ध्याच्या खाली, सस्टेन शून्य. आता पट्टी दाबताच आवाज उघडतो आणि मिटतो: छेडलेल्या तारेसारखा बेस तयार. डिके हलवत याच आवाजावर आठवडाभर राहा. वरच्या सप्तकात आवाज दबला तर फिल्टरचा 'कीबोर्ड' स्लायडर वाढवा. रेझोनन्स वाढवण्याआधी मात्र व्हॉल्यूम कमी करा. टोकाला गेला की फिल्टर स्वतःच शिट्टी मारतो आणि ती कानाला लागते.

बोटांसाठी ट्रिगरचा (एन्व्हलप कधी सुरू व्हायचा ते ठरवणारा) स्विच समजून घ्या. 'गेट'वर खालच्या पट्टीचा मान मोठा: सा धरून ग दाबला तर सा-च वाजत राहतो. यंत्र बिघडलेलं नाही. 'गेट+ट्रिग'वर शेवटची पट्टी जिंकते आणि एन्व्हलप पुन्हा सुरू होतो.

सराव 'गेट+ट्रिग'वर करा. सा धरून ठेवा, ग नुसता टिपा आणि सोडा. सूर आपोआप सा-वर परत येतो. सस्टेन पूर्ण वर घेऊन पोर्टामेंटो 'ऑटो'वर ठेवला की हीच हालचाल मींड होते. बोट पूर्ण उचलून पुढची पट्टी दाबली तर सूर सुटा लागतो, घसरत नाही. सरगम आधी जोडून, मग तोडून, मिनिटाला ६० मात्रांच्या लयीत वाजवा.

एसएच-१०१ आवाज साठवून ठेवत नाही. चांगला जमला की पॅनलचा सरळ वरून फोटो काढा आणि कोणत्या सप्तकात वाजवला तेही लिहून ठेवा.