मागचे कंट्रोल आर्म बदलले तेव्हा

आमची गाडी रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत बारा वर्षं काढलेली. खड्ड्यात मागून खडखड यायची, टायरची आतली कड पार झिजलेली. गाडी उचलून स्टँडवर घेतली आणि कंट्रोल आर्म, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा दांडा, पहारीने हलवला, तर बुशचं, म्हणजे त्याच्या टोकाच्या सांध्याचं, रबर चिरलेलं.

सगळा वेळ एका बोल्टने खाल्ला. बुशच्या नळीत गंजून बसला होता. रात्रभर गंज सोडवायचं तेल मुरवलं, सकाळी पान्याला लांब पाइप लावून पुढे-मागे करत सोडवला. चाकाचा कोन जुळवणाऱ्या कॅम बोल्टवर आधीच पांढरी खूण केली होती, ती परत बसवताना फार कामी आली.

एक मात्र सांगतो, चाकं लोंबकळत असताना बोल्ट पक्के कसू नका! गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने कसायचा पाना) कसा. नाहीतर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. लगेच अलाइनमेंटही, म्हणजे चाकांचे कोन तपासून जुळवणं, करून घेतलं.