स्पीकरच्या दोन वायरींची तुलना करताना

आधी जाडी बघा, मग धातू. किंमत आणि वेष्टनावरचे दावे शेवटी. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीचा रोध (विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा) मीटरला साधारण ०.००७ ओहम असतो. अँपपासून (अँप्लिफायरपासून) स्पीकर ५ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन १० मीटर, म्हणजे ०.०७ ओहम. ८ ओहमच्या स्पीकरपुढे हे नगण्यच. तेवढ्याच अंतराला ०.७५ चौरस मिलिमीटरची वायर घेतली, तर रोध ०.२३ ओहमच्या आसपास जातो. स्पीकर ४ ओहमचा असेल तर हा स्पीकरच्या रोधाच्या ५ टक्क्यांहून जास्त झाला. तिथे मी जाड वायरच घेईन.

वायरीची एक तार ब्लेडने खरवडून पाहा. वरून तांबूस आणि आतून पांढरी निघाली, तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. त्याचा रोध तांब्यापेक्षा बराच जास्त, त्यामुळे वायर आणखी जाड लागते.

आता कानांची परीक्षा. वायर कोणती जोडली आहे हे तुम्हाला कळता कामा नये, म्हणून अदलाबदल घरातल्या कुणाला तरी करू द्या आणि आवाजाच्या बटणाला हात लावू नका. थोडासा मोठा आवाजही कानाला ‘चांगला’ वाटतो, आणि इथेच बहुतेक जण फसतात. गाण्याचा तोच अर्धा मिनिटाचा तुकडा निदान दहा वेळा ऐका, दर वेळी कोणती वायर जोडलेली वाटली ते लिहून ठेवा.

प्रत्येक वेळी वायर काढण्याआधी अँप बंद करा. टोकाची एखादी सुटी तार शेजारच्या टर्मिनलला टेकली तरी अँप जळू शकतो, म्हणून तारा घट्ट पिळूनच आत घाला.