बेळगावहून वेंगुर्ल्याला: दोन रात्री घर घेऊन राहायचं तर

बेळगाव आणि वेंगुर्ला यांचं नातं जुनं आहे. इंग्रजांच्या काळात बेळगावच्या छावणीचा माल वेंगुर्ला बंदरात उतरायचा, त्याच वाहतुकीसाठी आंबोलीचा घाटरस्ता झाला. हिंडलग्याकडे जाणारा रस्ता अजूनही ‘वेंगुर्ला रोड’च आहे. अंतर साधारण सव्वाशे किलोमीटर, गाडीने साडेतीन ते चार तास.

तारीख तिथी बघून ठरवा. घरातली दिनदर्शिका इथे कामाला येते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता भरती, म्हणजे ओहोटी सकाळी नऊच्या सुमारास. पौर्णिमेला, अमावस्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. ओहोटी संध्याकाळी पाचच्या आसपास, सूर्यास्ताला वाळू मोकळी मिळते. पाऊण-एक तास पुढेमागे धरायचा. या दोन दिवसांत उधाण असल्यामुळे ओढही जास्त असते, तेव्हा मुलांना घोट्याच्या वर पाण्यात सोडू नका. अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी चढणारी भरती, पाणी त्यामानाने शांत. हंगाम म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्या दिवसांत ताज्या सुरमईची आशा धरू नये.

ॲडव्हान्स पाठवण्याआधी फोनवर विचारा. फोटोत सगळी घरं सुंदरच दिसतात. अख्खं घर मिळणार की दोन खोल्या? वीज गेली तर इन्व्हर्टरवर काय चालतं? बहुतेक ठिकाणी फक्त पंखे आणि दिवे. एसी, गिझर, पाण्याची मोटार नाही. टाकी भरलेली आहे ना, हे पोचल्या पोचल्या बघा. ‘समुद्र पाच मिनिटांवर’ म्हणजे चालत की गाडीने? जेवण कोण करणार, आणि मासे थाळीच्या दरात धरलेत की बाजारभावाने वेगळे? रात्रीच्या जेवणाचं सकाळीच सांगावं लागतं, कारण मासे सकाळच्या बाजारातून येतात. संध्याकाळी सातला पापलेट मागितलं तर मिळेल ते फ्रिजमधलं.

आणि गाडी माडाखाली लावू नका. नारळ पडून काच फुटली की नवरा-बायको दोघंही एकमेकांकडे बघत राहतात. पाडेली (माडावर चढून नारळ पाडणारा) नुकताच येऊन गेला असला तरी वाळलेली झावळ पडतेच.

रस्ता. हिंडलगा, शिनोळी, पाटणे फाटा, आंबोली, सावंतवाडी, वेंगुर्ला. निपाणी-संकेश्वरकडच्यांना गडहिंग्लज-आजरामार्गे आंबोली सोयीची. एसटीने जाणार असाल तर आदल्या दिवशी चौकशी करा. सीमाप्रश्नावरून वातावरण तापलं की दोन्ही राज्यांच्या फेऱ्या थांबतात. गाडीचे विमा, पीयूसी हे कागद जवळ ठेवा. घाट उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये उतरा. सतत ब्रेक दाबून ठेवला की तो तापतो, जळका वास येतो आणि मग पकड सुटते. वास आला तर रुंद जागा बघून थांबा, थंड होऊ द्या, पाणी ओतू नका. पावसाळ्यात शनिवार-रविवारी धबधब्यापाशी गाड्यांची रांग लागते, तेव्हा सकाळी लवकर पार व्हा.

गावात काय बघाल. सतराव्या शतकातली डच वखार आधी. गोव्याच्या पोर्तुगीजांची कोंडी करताना डच जहाजांना रसद पुरवायला हे ठाणं त्यांच्या उपयोगी पडलं. आज छप्पर नाही, भिंती आहेत. पावसानंतर जांभ्यावर शेवाळ असतं, तेव्हा गुळगुळीत तळाच्या चपला नकोत. मग बंदर, सागरेश्वरचा किनारा. दुसऱ्या दिवशी दक्षिणेला निघा: आरवलीचा वेतोबा (त्याला केळ्यांचा घड आणि भल्यामोठ्या चपला वाहतात), १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाचं शिरोडा, रेडीचा यशवंतगड. एका दिवसात एवढं पुरे. मालवणही त्यातच बसवायला गेलात तर दिवस गाडीतच जाईल.

परतताना मासे न्यायचे असतील तर थर्माकोलचा डबा बेळगावहूनच न्या. बाजारात मासे साफ करून, पोट काढून घ्या. खाली बर्फ, वर मासे, पुन्हा बर्फ. एक किलो माशाला निदान एक किलो बर्फ लागतो, आणि बर्फ फोडलेला हवा. मोठ्या लादीभोवती पोकळी राहते. डब्याच्या तळाला बोटाएवढं भोक पाडा आणि खाली ट्रे ठेवा. वितळलेल्या पाण्यात बुडून राहिला की बांगडा पिचपिचीत होतो, मग तिरफळ घालूनही आमटी सुधारत नाही. दुपारी तीनच्या आत निघा, म्हणजे आंबोलीचं धुकं दाटायच्या आधी घाट चढून होतो.