जुना फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप घेताना या चुका टाळा: बर्फ सारायचा आणि ट्रेलरही ओढायचा असेल तर

अमेरिकेत ईरी सरोवरावरून थंड वारा येऊ लागला की न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहराच्या दक्षिणेकडील गावांवर बर्फ अक्षरशः ओतला जातो. नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑर्चर्ड पार्क आणि हॅम्बर्ग या भागांत तीन-चार दिवसांत साडेसहा फुटांच्या वर बर्फ पडला होता. अशा प्रदेशात ज्यांच्या घरापासून रस्त्यापर्यंतची वाट दोनशे-तीनशे फूट लांब आहे, त्यांच्या मनात कधी ना कधी एक विचार येतोच: सत्तरच्या किंवा ऐंशीच्या दशकातील एखादा दणकट पिकअप घ्यावा, हिवाळ्यात त्याला पुढे प्लाऊ, म्हणजे बर्फ सारायचे रुंद पाते, लावावा आणि उन्हाळ्यात त्याच गाडीने ट्रेलर ओढावा. विचार चांगला आहे आणि मी स्वतः गेली अनेक वर्षे तो आचरणात आणत आहे. मात्र माझ्याकडून आणि माझ्या ओळखीच्या मराठी कुटुंबांकडून ज्या चुका झाल्या, त्यांतील बहुतेक चुका गाडी विकत घेण्यापूर्वीच्या अर्ध्या तासात टाळता आल्या असत्या.

इंजिन पाहून गाडी निवडणे

ही सर्वांत मोठी चूक आहे, आणि बोनेट उघडताच ती घडते. जाहिरातीत ‘४५४’ किंवा ‘४६०’ हे इंजिनाच्या आकाराचे (घन इंचांतील) आकडे दिसले की खरेदीदाराचे समाधान होते. प्रत्यक्षात फोर्डचे ४.९ लिटरचे सहा सिलिंडरचे साधे इंजिनही योग्य गिअर आणि योग्य ॲक्सल असेल तर घराची वाट वर्षानुवर्षे मोकळी करते. प्लाऊच्या कामात सर्वाधिक भार पुढच्या ॲक्सलवर, पुढच्या पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) आणि चेसिसच्या पुढच्या टोकावर येतो, तर ट्रेलरच्या कामात तो मागच्या ॲक्सलवर, ब्रेकवर आणि गिअरबॉक्स थंड ठेवण्याच्या व्यवस्थेवर येतो. एकाच गाडीला ही दोन परस्परविरोधी ओझी पेलायची असल्यामुळे पाहणीची सुरुवात इंजिनापासून नव्हे, तर गाडीच्या पोटाखालून करावी.

वजनाचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. साडेसात फुटी प्लाऊ त्याच्या सांगाड्यासह साधारण ३०० ते ३५० किलोचा असतो. तो ३२० किलोचा धरला, पुढच्या ॲक्सलच्या सव्वा मीटरभर पुढे लटकतो असे मानले आणि दोन ॲक्सलमधील अंतर ३.३८ मीटर घेतले, तर तरफेच्या नियमाने पुढच्या ॲक्सलवर ३२० नव्हे, तर सुमारे ४४० किलो भार वाढतो आणि मागच्या ॲक्सलवरचा सुमारे १२० किलो भार उचलला जातो. म्हणजे पुढची चाके दबतात आणि नेमकी ढकलण्याच्या वेळी मागची चाके हलकी होऊन घसरतात. त्यावर उपाय म्हणून मागच्या फाळक्याला लागून, ॲक्सलच्याही मागे, वजन ठेवावे लागते. तेथे ठेवलेले २०० किलो पुढच्या ॲक्सलवरून ६० किलोच्या आसपास भार कमी करतात. हे वजन पट्ट्यांनी घट्ट बांधलेले असावे, कारण बर्फाखालच्या दगडाला प्लाऊ अडून गाडी एकदम थांबली की सुटी वाळूची पोती पुढे केबिनवर आदळतात.

याच्या उलट, २,००० किलोच्या ट्रेलरचे १० ते १५ टक्के वजन हुकावर येते आणि ते गाडीचे नाक वर उचलते. त्यामुळे हिवाळ्यात ठेवलेली वाळू तशीच ठेवून उन्हाळ्यात ट्रेलर जोडणे ही वेगळी आणि फार सर्रास होणारी चूक आहे. वाहून नेण्याची बरीच क्षमता त्या वाळूतच खर्ची पडलेली असते.

सत्तरच्या दशकाच्या मध्यापासूनच्या गाड्यांत चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक पट्टी असते, तिच्यावर पुढच्या आणि मागच्या ॲक्सलची कमाल क्षमता पौंडांत लिहिलेली असते. प्लाऊसह गाडी ट्रकच्या वजनकाट्यावर नेऊन पुढची चाके वेगळी तोलावीत आणि तो आकडा पट्टीशी ताडून पाहावा. पाट्यांत जास्तीची पाती भरल्याने किंवा हवेचे फुगे बसवल्याने गाडी सरळ उभी दिसते. तेवढ्याने ॲक्सलची, बेअरिंगची आणि ब्रेकची क्षमता वाढत नाही.

अर्धा, पाऊण आणि एक टन यांतला फरक न जाणणे

येथील जुन्या बोलीत भार वाहण्याच्या ढोबळ क्षमतेवरून पिकअपचे अर्धा टन, पाऊण टन आणि एक टन असे तीन वर्ग होतात. फोर्डमध्ये एफ-१५०, एफ-२५० आणि एफ-३५०, तर शेव्हर्लेमध्ये के-१०, के-२० आणि के-३० अशी ही उतरंड आहे. दोन्ही कामे करायची असतील तर पाऊण टनाच्या खाली उतरू नये, असे माझे ठाम मत आहे. अर्धा टनी गाडी स्वतःच्या घरापुरता, हलका प्लाऊ लावून चालते, परंतु तिच्यामागे जड ट्रेलर जोडणे हा रोज थोडा थोडा तोटा पत्करणे आहे.

पाऊण टनातही सगळ्या गाड्या सारख्या नाहीत. चाकाच्या मध्यभागी मोठा हब बाहेर आलेला दिसतो, त्या मागच्या ॲक्सलला फुल-फ्लोटिंग म्हणतात. त्यात गाडीचा भार ॲक्सलच्या नळीवर असतो आणि आतला शाफ्ट केवळ फिरवण्याचे काम करतो, म्हणून शाफ्ट तुटला तरी चाक निखळत नाही. ऐंशीच्या दशकातील काही के-२० गाड्यांत याऐवजी हलका, सेमी-फ्लोटिंग ॲक्सल बसवलेला आढळतो, आणि बाहेरून गाडी अगदी सारखीच दिसते. पुढच्या बाजूला एफ-२५० मध्ये बहुधा डाना ४४ या नावाचा ॲक्सल मिळतो. १९७९ च्या एफ-३५० मध्ये आणि के-३० मध्ये त्याहून भक्कम डाना ६० असतो, आणि म्हणूनच या गाड्यांच्या किमती चढ्या असतात.

१९८० पासून फोर्डने एफ-१५० आणि एफ-२५० यांना पुढे दोन भागांत विभागलेला ॲक्सल दिला. तो चालवायला सुखद आहे. मात्र प्लाऊचे वजन आले की नाक खाली बसते, चाके माथ्याकडून आत झुकतात आणि टायरच्या आतल्या कडा झिजतात. शेव्हर्लेने १९८८ च्या नव्या बांधणीच्या पिकअपमध्ये पुढचा एकसंध ॲक्सल काढून टाकला. मी स्वतः निवड करायची झाल्यास १९७८-७९ चा एफ-२५० किंवा १९७३ ते १९८७ या काळातील, मागे फुल-फ्लोटिंग ॲक्सल असलेला के-२० निवडेन, आणि त्यातही ऑटोमॅटिक गिअरचा. दर फेरीला पुढे-मागे करताना क्लच दाबून पायाला जो शीण होतो, तो पहाटे चार वाजता फार जाणवतो.

डॉजच्या १९८९ ते १९९३ या काळातील कमिन्स डिझेल गाड्यांविषयी लोक फार आदराने बोलतात, आणि ओढण्याच्या कामात तो आदर सार्थ आहे. ते ५.९ लिटरचे इंजिन एकटेच ५०० किलोच्या घरात जाते, याची मात्र आठवण ठेवावी. पुढच्या ॲक्सलवर प्लाऊसाठी उरलेली जागा मोजल्याशिवाय त्या गाडीला प्लाऊ लावू नये.

काळ्या लेपावर विश्वास ठेवणे

कोकणात खाऱ्या वाऱ्याने खिडकीचे गज कसे पोखरले जातात, हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना येथील रस्त्यांवरच्या मिठाचा प्रताप वेगळा सांगायला नको. फरक इतकाच की येथे मीठ खालून, पाण्यासह आणि सतत पाच महिने उडते.

माझ्या पहिल्या पिकअपची चेसिस काळ्या, ताज्या, चमकदार लेपाने झाकलेली होती आणि मला ती काळजीपूर्वक सांभाळलेल्या गाडीची खूण वाटली. प्लाऊचा सांगाडा बसवण्यासाठी भोक पाडताना ड्रिल अर्ध्या सेकंदात आरपार गेले. लेप नखाने सोलला, तेव्हा खाली पत्र्याचे ठिगळ निघाले आणि ठिगळाच्या कडेने गंजाचे पापुद्रे पत्त्यांसारखे गळून पडले. त्या गाडीवर खर्च केलेले पैसे मला परत मिळाले नाहीत. तेव्हापासून मी खिशात एक छोटी हातोडी आणि जुना स्क्रू-ड्रायव्हर घेऊनच गाडी पाहायला जातो. चांगल्या चेसिसवर हातोडी मारली की टणत्कार होतो, सडलेल्या चेसिसवर बद्द आवाज येतो. मागच्या पाट्यांचे खुंटे, केबिनखालचे आधार, पेट्रोलच्या टाकीच्या मागची बाजू आणि ब्रेकच्या नळ्या या जागा एकेक करून पाहाव्यात. विक्रेता हातोडी मारू देत नसेल तर तेथून निघावे.

१९७३ ते १९८७ च्या शेव्हर्लेमध्ये आणखी एक जागा आवर्जून तपासावी. स्टिअरिंगचा गिअरबॉक्स चेसिसच्या डाव्या पट्टीला जेथे बोल्टने आवळलेला असतो, तेथे तडे जातात, आणि प्लाऊच्या गाड्यांत ते लवकर जातात. ती जागा तारेच्या ब्रशने स्वच्छ करावी, इंजिन सुरू ठेवून चाके जमिनीवर असतानाच दुसऱ्या कोणाला स्टिअरिंग डावी-उजवीकडे फिरवायला सांगावे आणि आपण टॉर्च धरून पाहावे. बॉक्सबरोबर पट्टीही श्वास घेतल्यासारखी हलत असेल, तर तडा आहेच. त्यासाठी वेल्डिंग करून बसवायच्या मजबुतीच्या पट्ट्या मिळतात, तेव्हा केवळ या दोषासाठी गाडी नाकारू नये. किंमत मात्र त्या हिशेबाने ठरवावी.

चारही चाके खरोखर फिरतात का, हे न पाहणे

विक्रेते डांबरी रस्त्यावर लिव्हर ओढून दाखवतात. त्यातून काही सिद्ध होत नाही, आणि कोरड्या डांबरावर चारही चाके जोडून वळल्यास यंत्रणेवर ताण येतो तो वेगळाच. खडीवर किंवा गवतावर पुढच्या चाकांचे हब लॉक करून (म्हणजे ती चाके ॲक्सलला जोडून), हाय आणि लो दोन्ही गिअरांत गाडी चालवून पाहावी.

जुन्या गाड्यांचे ॲक्सल अनेकदा बदललेले असतात, आणि पुढचा व मागचा गिअर रेशो वेगळा निघाला तर ट्रान्सफर केस (इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या ॲक्सलला वाटून देणारी पेटी) लवकर निकामी होते. हे तपासणे सोपे आहे. बाकीच्या चाकांना दगडाची किंवा लाकडाची उटी (अडसर) लावावी, ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये घ्यावी, हँडब्रेक सोडावा, एक मागचे चाक उचलून स्टँडवर टेकवावे आणि ते बरोबर दोन फेरे फिरवावे. डिफरन्शियल साधे (लॉक न होणारे) असेल तर तेवढ्यात ॲक्सलकडे येणारा लांब प्रोपेलर शाफ्ट जितके फेरे फिरेल तितका रेशो असतो: चार फेरे आणि वर किंचित, म्हणजे ४.१०. हब लॉक करून पुढच्या ॲक्सलचेही असेच मोजावे.

ट्रान्सफर केस कोणती आहे तेही विचारावे. बिडाच्या कवचाची, गिअरवर चालणारी एनपी २०५ सहसा दगा देत नाही. सत्तरच्या दशकातील एनपी २०३ साखळीवर चालते आणि कायम चारही चाके फिरवते. ती वाईट नाही, परंतु साखळी सैल झाली की भाराखाली दाते चुकवून कडकड आवाज करते.

बिघाड प्लाऊचा समजून विजेचा विसरणे

प्लाऊ उचलताना दिवे मंदावणे, पंप कण्हणे किंवा पाते अर्ध्यावर अडकणे या तक्रारींत लोक आधी पंप बदलतात. पंपाची मोटर १५० ते २०० अँपिअर खेचते, तर सत्तरच्या दशकातील अनेक गाड्यांचा अल्टरनेटर ६० अँपिअरच्या आसपासचा असतो, आणि हीटर, वायपर व दिवे त्याच वेळी सुरू असतात. आधी मीटर घ्यावा. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४ व्होल्टच्या आसपास दाब दिसला पाहिजे. प्लाऊ उचलत असताना मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी पंपाच्या बाहेरील धातूला लावावी. अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक दिसला तर दोष अर्थिंगच्या तारेत आहे. विजेचे सर्व ठीक असूनही कडाक्याच्या थंडीत पाते हलत नसेल, तर तेलात पाणी शिरून गोठले असण्याचा संभव असतो. दर शरद ऋतूत तेल बदलल्यास ही तक्रार उद्भवत नाही.

गाडी तापण्याची कारणेही अशीच साधी असतात. रस्त्याने जाताना पाते पूर्ण वर उचलून सरळ ठेवले की रेडिएटरला वारा मिळत नाही. ते थोडे खाली घेऊन तिरके करावे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला स्वतंत्र कूलर बसवावा, कारण प्लाऊ आणि ट्रेलर ही दोन्ही कामे त्याचे तेल जाळतात. तेल लालऐवजी तपकिरी दिसत असेल आणि त्याला करपल्याचा वास येत असेल, तर खरेदीपूर्वीच थांबावे.

ट्रेलरसाठी हुक बंपरला नव्हे, चेसिसला जोडलेला असावा. अनेक राज्यांत साधारण ३,००० पौंडांपुढे ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असणे बंधनकारक आहे, आणि जुन्या पिकअपमध्ये त्याचा कंट्रोलर व सात पिनांची जोडणी नंतर बसवावी लागते.

खरेदी ऑक्टोबरमध्ये करू नये. पहिल्या बर्फाच्या भीतीने तेव्हा किमती चढलेल्या असतात आणि गाड्या धुऊन, रंगवून उभ्या केलेल्या असतात. एप्रिलमध्ये पाहायला जावे. तेव्हा प्लाऊ नुकताच उतरवलेला असतो, चेसिसच्या कोपऱ्यांत मिठाचे पांढरे पट्टे सुकलेले असतात आणि त्या हिवाळ्यात कोठून काय गळले, ते गाडी उभी असते त्या जागेवरच्या डागांत दिसते.