गोळी लागून हाड मोडलंय? आधी ती गोळी विसरा

पिक्चरमध्ये चाकू तापवतात, गोळी उपसतात आणि हिरो उठून पळायला लागतो. खरं तर गोळी काढायचं काम सगळ्यात शेवटी, बऱ्याचदा ती काढतही नाहीत. जीव जातो तो रक्त गेल्याने, आणि मांडीचं हाड मोडलं तर लिटर-दीड लिटर रक्त आतल्या आतच साठतं, बाहेरून कळतसुद्धा नाही.

म्हणून आधी धोका टळलाय ना बघा, 108 ला फोन लावा आणि जखमेवर स्वच्छ कापड ठेवून जोर लावून दाबा, सारखं उचलून बघू नका, भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा. तरी रक्त थांबत नसेल तर जखमेच्या चार बोटं वर (सांध्यावर नाही) रुंद पट्टी बांधून काठीने पीळ द्या, टाइम लिहून ठेवा, नंतर ती कधी सैल करायची ते डॉक्टरच बघतील. दोरी किंवा वायर नको. हाड बाहेर दिसत असेल तर आत ढकलू नका, हळद-बिळद तर अजिबातच नको. पाय आहे तसाच, वरचा-खालचा दोन्ही सांधे धरून फळीला बांधा, आणि खायला-प्यायला काही देऊ नका, ऑपरेशन लागू शकतं.

पोलीस केस आहे म्हणून हॉस्पिटल थांबवून ठेवू शकत नाही हं, आधी उपचार मग कागद, हे सुप्रीम कोर्टाने 1989 मध्येच परमानंद कटारा केसमध्ये स्पष्ट केलंय.

तिथे नाडी बघतात, एक्सरे, धनुर्वाताचं इंजेक्शन, अँटिबायोटिक. पिस्तुलाची साधी जखम असेल तर कधीकधी धुऊन प्लास्टरवरही भागतं. रायफलची असेल तर मेलेलं मांस कापून काढावं लागतं, हाडाला बाहेरून रॉड लावतात आणि जखम मुद्दाम उघडी ठेवतात, काही दिवसांनी शिवतात, नातेवाईक इथेच घाबरतात पण ते बरोबर असतं. ठासणीच्या बंदुकीचं प्रकरण वेगळंच, छऱ्यांबरोबर ठासलेल्या चिंध्याही आत जातात आणि त्या मात्र काढाव्याच लागतात. गोळी सांध्यात अडकली असेल तर तीही, कारण सांध्यातल्या पाण्यात शिसं विरघळतं.

प्लास्टरनंतर दुखणं वाढतच गेलं, बोटं नुसती ताणली तरी पेशंट ओरडतोय असं झालं तर सकाळची वाट बघू नका, रात्री 2 वाजले असले तरी डॉक्टरला उठवा.