पानगळीतली बाग बघायला सायकलींवरून जायचंय? सहल अशी आखा

सायकलची सहल म्हटली की "किती किलोमीटर?" हा प्रश्न सगळ्यांत आधी येतो. इथे तो तिसऱ्या नंबरवर ठेवा. पहिले दोन प्रश्न बागवाल्यांना विचारायचे: बाग रंगात कधी येते, आणि किती जण आलेले चालतील? बाग कुणाच्या तरी घरची असते, पानांचा रंग आपल्यासाठी थांबत नाही आणि या दिवसांत अंधार लवकर पडतो. आधी एवढं जमवून घ्या, मग किलोमीटर ठरवा.

बागवाल्यांशी बोलणं

खासगी बागा ठरावीक दिवशी पाहुण्यांना खुल्या करण्याची प्रथा बरीच जुनी आहे. ब्रिटनमध्ये १९२७ साली, घरोघरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांच्या कामासाठी पैसे उभे करायला ६०९ बागांची फाटकं उघडली गेली आणि माणशी एक शिलिंग घेतला गेला. ती योजना आजही चालू आहे. तुम्ही निवडलेल्या बागेचा असा खुला दिवस असेल तर उत्तमच. तरी सायकलींचा घोळका येतोय हे आधी कळवा. खुला दिवस नसेल तर रीतसर परवानगी घ्या आणि त्याच फोनवर बाकीचंही विचारून टाका: सायकली कुठे लावायच्या, स्वच्छतागृह वापरता येईल का, कुत्रा मोकळा असतो का, फोटो काढलेले चालतील का.

संख्या मात्र नेमकीच सांगा. आम्ही एकदा "बारा-तेरा जण असू" असं मोघम सांगितलं आणि गेलो एकोणीस. घरच्या बाईंनी काही बोलून दाखवलं नाही. त्या आत जाऊन आणखी सात कप घेऊन आल्या, आणि त्यातले कुठलेही दोन एकमेकांशी जुळत नव्हते. तेव्हापासून मी नावं लिहून घेतो आणि ऐनवेळी उगवणाऱ्याला पुढच्या सहलीचं आमंत्रण देतो. निवांत सहलीला आठ ते बारा माणसं पुरेत.

दिवस कोणता

पानांतला पिवळा रंग उन्हाळाभर तिथेच असतो, हरितद्रव्याने तो झाकलेला असतो. हरितद्रव्याचं विघटन होत गेलं की तो उघडा पडतो. लाल रंगाची गोष्ट वेगळी. तो बहुतेक झाडांत पानगळीच्या तोंडावर, पानात अडकलेल्या साखरेपासून नव्याने तयार होतो. दिवस उन्हाचे आणि रात्री गार, पण गोठवणाऱ्या नाहीत, अशा हवेत तो सगळ्यांत छान चढतो. त्यामुळे पिवळी झाडं दरवर्षी साधारण तशीच दिसतात, लाल मेपल मात्र एखाद्या वर्षी पेटतो आणि एखाद्या वर्षी नुसताच तपकिरी होऊन गळतो.

म्हणून एकच तारीख धरून बसू नका. लागोपाठचे दोन रविवार राखून ठेवा आणि चार दिवस आधी फोन करून नक्की करा. गिंकोचं झाड बघायला जाणार असाल तर हे फारच महत्त्वाचं. कडक थंडीची एक रात्र झाली की ते जवळजवळ सगळी पानं एक-दोन दिवसांत टाकून मोकळं होतं. पहिल्या हिमाने डेलियाही काळा पडतो. ॲस्टर आणि सेडम जरा चिवट.

वेळ उलटी मोजा

मध्यम अक्षांशांवर विषुवदिनाच्या आसपास दिवस रोज दोन ते चार मिनिटांनी लहान होत असतो. तीन आठवड्यांपूर्वीचं वेळापत्रक तसंच वापरलं तर पाऊण ते दीड तासाचा उजेड गेलेला असतो. म्हणून सूर्यास्तापासून मागे येत मोजा.

सूर्य साडेपाचला मावळतो असं धरू. सगळे साडेचारला घरी हवेत. बाग वीस किलोमीटरवर आहे. रमतगमत जाणाऱ्या गटाचा वेग चालू असताना ताशी पंधरा असला, तरी थांबे धरून तो बाराच पडतो, म्हणजे वीस किलोमीटरला एक तास चाळीस मिनिटं. तेव्हा बागेतून दोन पन्नासला निघायचं. बागेसाठीही तेवढाच वेळ ठेवला तर एक वाजून दहा मिनिटांनी पोचायला हवं, म्हणजे घरून साडेअकराला. यात पंक्चर धरलेलं नाही. ते साडेचार आणि साडेपाचच्या मधल्या तासातून कापून घ्यायचं.

परतीचा रस्ता पश्चिमेला असेल तर आणखी एक विचार करा. कलता सूर्य तुमच्या डोळ्यांत तर येतोच, पण मागून येणाऱ्या गाडीवाल्याच्याही डोळ्यांत येतो आणि त्याला तुम्ही दिसत नाही. अशा वेळी तीन किलोमीटरचा वळसा पडला तरी झाडीतला, कमी रहदारीचा रस्ता घ्या.

गट चालवणं

पुढे रस्ता माहीत असलेला लीडर, सगळ्यांत मागे स्वीप, म्हणजे कुणी मागे राहत नाही ना हे बघणारा. स्वीप म्हणून गटातला सगळ्यांत शांत माणूस निवडा आणि पंप, जास्तीची ट्यूब, पान्हे त्याच्याकडे द्या. बिघडलेली सायकल शेवटी त्याच्याचपाशी येऊन थांबते.

वळणावर माणसं चुकू नयेत यासाठी एक साधी पद्धत आहे. लीडरच्या लगेच मागचा सायकलस्वार वळणावर थांबतो, हाताने दिशा दाखवत राहतो आणि स्वीप दिसला की त्याच्या पुढे गटात शिरतो. पुढच्या वळणावर दुसऱ्याची पाळी. अशाने कुणी हरवत नाही आणि प्रत्येकाला थोडी विश्रांतीही मिळते.

मागच्याने आपलं पुढचं चाक पुढच्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला घुसवू नये. चाकाला चाक लागलं तर बहुधा मागचा पडतो. गप्पा मारताना नेमकं हेच विसरलं जातं. चढ संपल्यावर सगळे जमेपर्यंत थांबा, आणि शेवटचा आला की लगेच निघू नका. पुढे पोचलेल्यांची विश्रांती झालेली असते, मागून आलेल्याचा मात्र अजून श्वासही खाली बसलेला नसतो.

पाचोळ्याचा रस्ता

ओला पाचोळा साबणासारखा असतो. त्यात रस्त्यावरचे रंगवलेले पट्टे किंवा गटाराचं लोखंडी झाकण खाली आलं तर विचारूच नका. पाचोळा दिसला की त्याच्या अलीकडेच ब्रेक लावून घ्या, वर गेल्यावर ब्रेकही नको आणि हँडलही वळवायला नको, सायकल सरळ उभी ठेवून तरंगत पलीकडे जाऊ द्या. पाचोळ्याचा ढीग दिसला तर त्याखाली खड्डा आहे असंच समजा. पोरासारखं ढिगातून सायकल घालायचा मोह होतो, मलाही होतो. कोरडा, सपाट आणि ओळखीचा रस्ता असेल तरच.

काटेरी कुंपणांच्या छाटणीचाही बऱ्याच ठिकाणी हाच मोसम, त्यामुळे काटे रस्त्यावर येतात. पंक्चर झालं तर नवी ट्यूब घालायची घाई नको. आधी टायरच्या आतून एक फडकं गोल फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे काटा आहे. बोट फिरवलंत तर तोच काटा बोटात. तो काढला नाही तर पाच मिनिटांत दुसरी ट्यूबही जाते.

बागेत

फाटकाशी उतरा आणि सायकली हातात धरून आत न्या. भिंतीवर वेल चढवलेला असेल तर तिथे टेकवू नका, हिरवळीवरही नको, ओल्या मातीत चाकांच्या चऱ्या महिनाभर राहतात. टायरला आणि बुटांना लागलेला चिखल फाटकाबाहेरच झाडून काढा. मुळं कुजवणारे रोग एका बागेतून दुसऱ्या बागेत असेच चिखलातून जातात. पेडलमध्ये अडकणाऱ्या क्लीटचे बूट असतील तर पिशवीत साधे बूट ठेवा, दगडी पायऱ्यांवर क्लीट घसरतात. पाठीवरची सॅक काढून ठेवा. चिंचोळ्या वाटेवर वळताना सॅकचा धक्का बसून फांद्या मोडतात.

सायकलवाल्यांना लवकर सगळं बघून टाकायची सवय असते, ती इथे सोडा. एक ताजं गळलेलं पान उचला आणि देठाचं टोक बघा. ते फाटलेलं नसतं. गुळगुळीत, गोल, जणू कुणी नीट कापून दिलंय असं असतं. देठाच्या बुडाशी झाडानेच पेशींचा एक कमकुवत थर तयार केलेला असतो, तिथून पान सुटतं आणि फांदीवरची जखम बुचासारख्या पेशींनी बंद होते. बागेत कात्सुराचं झाड असेल तर त्याच्या गळलेल्या पानांजवळ उभे राहा, जळक्या साखरेचा गोड वास येतो. गिंकोचा वास मात्र उलट टोकाचा. मादी झाडाखाली पडलेली पिवळट, गरयुक्त बी चिरडली तर खवट लोण्याचा भपकारा सुटतो आणि तो बुटांबरोबर घरापर्यंत येतो. पाय जपून टाका.

बिया किंवा कलम हवं असेल तर मागा, परस्पर खिशात टाकू नका. मागितल्यावर बागवाले सहसा हातचं राखत नाहीत.

परत निघताना

बागेत फिरताना अंगातला घाम निवतो आणि थंडी वाजू लागते. कोरडं जॅकेट निघायच्या वेळी नाही, बागेत पोचल्या पोचल्याच अंगावर चढवा. ऊन असलं तरी पुढचे-मागचे दिवे लावून निघा. स्वीपने फाटकाशी डोकी मोजायची.

सगळे घरी पोचल्याचे निरोप आले की बागवाल्यांना फोन करा. आभार माना आणि बाकावर कुणाचा हातमोजा राहिलाय का तेही विचारा. एखादा राहिलेला असतोच.