कार्डाच्या मागचा नंबर

नवऱ्याचं पिणं हाताबाहेर गेलं तेव्हा इन्शुरन्सचं कार्ड माझ्या पर्समध्येच होतं. तरी त्यावरच्या नंबरवर फोन करायला मला चार महिने लागले, केवळ लाजेपोटी. तुमचे चार महिने वाया जाऊ नयेत, म्हणून इथे अमेरिकेत आम्ही काय काय केलं ते लिहिते.

सगळ्यात आधी एक. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्या माणसाची दारू घरच्या घरी एकदम बंद करू नका. झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. अंग थरथरायला लागलं, भास व्हायला लागले तर सरळ इमर्जन्सीत न्या, तिथे इन्शुरन्स प्लॅनच्या परवानगीची वाट बघायची नसते. आणि कुणी जिवाचं बरंवाईट करण्याच्या गोष्टी बोलत असेल तर ९८८ ही संकटकाळातली हेल्पलाइन लावा, दिवसरात्र कुणीतरी उचलतं.

आता कार्ड. ते उलटं करा. मागे बऱ्याचदा ‘बिहेव्हियरल हेल्थ’चा वेगळा नंबर असतो, मन आणि व्यसन दोन्ही त्यातच येतं. कित्येक प्लॅन हे काम दुसऱ्याच कंपनीकडे देतात, म्हणून नेहमीच्या नंबरवर उगाच ताटकळावं लागतं. इंग्रजीत अडत असेल तर मराठी दुभाषा मागा.

फोनजवळ वही ठेवा. माझ्या वहीत प्रत्येक कॉलची तारीख, बोलणाऱ्याचं नाव आणि कॉलचा रेफरन्स नंबर आहे, पुढे त्याच वहीने आम्हाला तारलं. विचारायचं ते असं: डिडक्टिबल, म्हणजे प्लॅन पैसे द्यायला लागण्याआधी आपण खिशातून भरायची रक्कम, किती राहिलीय? दर भेटीला कोपे, म्हणजे आपण भरायची ठरलेली रक्कम, किती? प्रायर ऑथरायझेशन, म्हणजे प्लॅनची आगाऊ मंजुरी, कशाकशाला लागते? इंटेन्सिव्ह आउटपेशंट प्रोग्रॅम, म्हणजे घरी राहून आठवड्यातून अनेकदा घ्यायचे उपचार, कव्हर होतो का?

मग प्लॅनवाले त्यांच्या नेटवर्कमधल्या, म्हणजे त्यांच्याशी करार असलेल्या, थेरपिस्टची यादी पाठवतात. त्या यादीवर विसंबू नका. मी चौदा जणांना फोन केले. नऊ जण नवे पेशंट घेत नव्हते, दोघांचे नंबर बंद होते. अशा वेळी प्लॅनला लेखी कळवा की नेटवर्कमध्ये वेळेत कुणी मिळत नाही, तेव्हा नेटवर्कबाहेरच्या अमुक थेरपिस्टला इन-नेटवर्क दराने मंजुरी द्या. याला ‘सिंगल केस अ‍ॅग्रीमेंट’ म्हणतात. हा शब्द उच्चारला की समोरचा माणूस सावरून बसतो. दरम्यान फॅमिली डॉक्टरांना भेटा. दारूची ओढ कमी करणारं नालट्रेक्सोन हे औषध तेही लिहून देऊ शकतात.

तिसऱ्या आठवड्यात आम्हाला नकाराचं पत्र आलं: पुढचे उपचार ‘मेडिकली नेसेसरी’, म्हणजे वैद्यकीयदृष्ट्या गरजेचे, नाहीत. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाचलं आणि मटकन खाली बसले. पण नकार म्हणजे शेवट नव्हे. २००८ च्या पॅरिटी (समान वागणुकीच्या) कायद्यानुसार, प्लॅन मानसिक आजार आणि व्यसनाचे उपचार कव्हर करत असेल तर त्यांवर शरीराच्या आजारांपेक्षा कडक अटी लादता येत नाहीत. नकार कुठल्या निकषावर दिला ते लेखी मागा, तो तुमचा हक्क आहे. अपिलाला साधारण १८० दिवस असतात. उपचार मध्येच तुटणार असतील तर ‘अर्जंट’ अपील म्हणा, त्याचा निकाल ७२ तासांत द्यावा लागतो. डॉक्टरांचं पत्र जोडा आणि त्यांना प्लॅनच्या डॉक्टरशी स्वतः बोलायला लावा. तिथेही नाही म्हणाले तर बाहेरच्या तटस्थ परीक्षकाकडे जाता येतं, त्यासाठी चार महिन्यांची मुदत असते. आम्हाला तिथवर जावं लागलं नाही. डॉक्टरांचा तो एक फोन झाला आणि सहा आठवडे मंजूर झाले.

आईवडिलांच्या प्लॅनवर असलेल्या मुलामुलींसाठी अजून एक. भेटीनंतर येणारं ‘एक्स्प्लनेशन ऑफ बेनिफिट्स’, म्हणजे कुठले उपचार झाले आणि प्लॅनने किती दिले याचं पत्रक, सहसा मुख्य सभासदाच्या पत्त्यावर जातं. घरी कळायला नको असेल तर पहिल्या भेटीआधीच प्लॅनकडे ‘कॉन्फिडेन्शियल कम्युनिकेशन’ची, म्हणजे पत्रं गुप्तपणे वेगळीकडे पाठवण्याची, विनंती करा आणि स्वतःचा पत्ता द्या.